जुन्या यंत्रावरचा नवा अंमल

खानदेशाच्या इतिहासात अंमल पुष्कळदा बदलले. थाळनेरास पाय रोवून पुढे बऱ्हाणपुरास राजधानी नेणारे फारुकी, १६०१ साली असीरगड घेऊन त्यांचे राज्य संपुष्टात आणणारा अकबर, त्यानंतर निजाम आणि मराठे यांच्यातील दीर्घ ओढाताण, आणि १८१८ नंतर धुळ्यास ठाणे घालून बसलेला इंग्रजांचा कॅप्टन ब्रिग्ज, या सर्वांच्या येण्याजाण्यात तापीकाठची काळी जमीन तीच राहिली आणि ती कसणारा कुणबीही तोच राहिला. बदलत गेले ते दफ्तर: ते कोणाच्या ताब्यात असावे, त्यातील मजकूर कोणी वाचावा, आणि त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे दर अंमलाबरोबर नव्याने ठरत गेले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील घराघरांत जो संगणक येऊन बसला, त्याच्यापुढेही अखेर हाच प्रश्न उभा राहिला आहे. यंत्र घरधन्याचे असले, तरी त्यावर अंमल कोणाचा, हा तो प्रश्न होय.

या यंत्राच्या आगमनाची कथा खानदेशात शिक्षणाच्या मार्गाने सुरू झाली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस राज्यात परवानगी मिळाली, आणि त्याच लाटेत जळगावजवळ बांभोरीस व धुळ्यास अशी महाविद्यालये निघाली. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावास स्थापन झाले. आज ते असोद्याच्या कन्येचे, बहिणाबाई चौधरींचे, नाव धारण करते. पुढे २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत नेला, आणि शासकीय नोकरीची उमेद धरणाऱ्या तरुणास संगणकाचे प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याइतकेच आवश्यक वाटू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून येथे जुळविलेले ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गीय घरांत शिरले. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी ते विकण्याचा, त्यात रॅम वाढविण्याचा, जळालेला एसएमपीएस बदलण्याचा आणि अडलेल्या यंत्राला ‘फॉरमॅट मारून’ देण्याचा एक नवाच धंदा उभा राहिला.

या धंद्यात एक वहिवाट आरंभापासून रूढ झाली, आणि तिचा उल्लेख टाळून हा इतिहास प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. यंत्राचे प्रत्येक अंग रोख पैसे मोजून घेतले जाई. परंतु ज्या मूळ व्यवस्थेवाचून ती सारी अंगे निश्चेष्ट पडून राहतात, ती ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा परवान्यावाचूनच त्यात ‘टाकून’ दिली जाई. विक्रेत्यास त्यात गैर वाटत नसे आणि ग्राहकास आपण काय घेतले याची कल्पनाही नसे. लेखाधिकाराच्या कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने संगणकप्रणालीच्या अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून केलेला वापर हा कारावासास पात्र असा गुन्हा ठरविला होता. पण तो कायदा जिल्ह्याच्या बाजारपेठेतील टेबलापर्यंत क्वचितच पोहोचला. परिणाम असा झाला की, हजारो कुटुंबे अशा प्रणालीवर विसंबून राहिली, जिच्यावर त्यांचा कायदेशीर हक्क नव्हता, जिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यांना निर्वेधपणे मिळत नव्हत्या, आणि जिच्या अंतरंगात डोकावण्याचा अधिकार तर परवाना विकत घेणाऱ्यासही नव्हता.

खानदेशात अभियांत्रिकीची दारे उघडत होती त्याच १९८३ सालच्या सप्टेंबरात, अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या प्रज्ञावंत प्रोग्रामरने ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालविण्याचा, तिची मूळ संहिता वाचून पाहण्याचा, तिची प्रत दुसऱ्यास देण्याचा आणि तीत सुधारणा करून ती सुधारणा वाटण्याचा अधिकार प्रत्येक वापरणाऱ्यास असला पाहिजे, हे त्याचे मूलसूत्र होते. आणि १९८९ साली त्याने ‘जीपीएल’ हा परवाना रचून त्या सूत्रास कायद्याचे कवच दिले. सामान्यतः सनद ही घेणाऱ्यावर निर्बंध घालते; या सनदेने मात्र असा एकच निर्बंध घातला की, मिळालेले स्वातंत्र्य पुढच्या माणसापासून कोणी हिरावून घेऊ नये. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या ३८६ जातीच्या घरगुती संगणकासाठी आपण एक लहानसा गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले, पुढील वर्षी तो गाभा याच परवान्याखाली आणला, आणि ग्नूची साधने व हा लिनक्स गाभा यांच्या संयोगातून एक संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली जगास लाभली. जिला आज आपण जुन्या घरगुती संगणकावर बसवू पाहतो, ती मुळात घरगुती संगणकावरच जन्मली.

भारतात ही प्रणाली पसरली ती प्रथम मासिकाच्या वेष्टनातून. १९९६ साली ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने आपल्या अंकाबरोबर लिनक्सची तबकडी वाटली, आणि या उपक्रमामागे ज्यांची प्रेरणा होती ते अतुल चिटणीस बेळगावात वाढलेले होते. इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून मुंगीच्या पावलांनी येई त्या काळात शेकडो मेगाबाइटांची प्रणाली उतरवून घेणे जिल्ह्याच्या गावी अशक्यप्राय होते. म्हणून अशा तबकड्यांचे मोल आजच्या पिढीस सहज कळणार नाही. २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीचा जन्म झाला, आणि त्यानंतर २०११ पर्यंत तिचे चालक मागणाऱ्या कोणासही तबकडी टपालाने विनामूल्य पाठवीत. टपाल कार्यालय जेथे होते तेथे लिनक्स पोहोचू शकत होती. तबकडीवरूनच यंत्र चालू करून, हार्डडिस्कवरील एका अक्षरासही धक्का न लावता, नवी प्रणाली पारखून पाहण्याची ‘लाइव्ह’ रीतही याच सुमारास रूढ झाली. नवख्या माणसाचे भय घालविण्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

इतके असूनही ही प्रणाली आपल्या घरांत स्थिरावली नाही, याचे एक सबळ कारण मराठी अक्षरांत दडलेले होते. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपी केंद्रांचा सारा व्यवहार श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा टंकांवर चाले. त्या प्रत्येकाची अक्षरसंकेतांची मांडणी निराळी होती, आणि एका टंकातील मजकूर दुसऱ्यात उघडला की अर्थहीन चिन्हांचा ढीग समोर येई. मजकूर स्वतःचा, पण तो वाचण्याची किल्ली विक्रेत्याच्या हाती, अशी ही परतंत्रता होती. १९९१ सालच्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने आणि त्यानंतर युनिकोडने ती किल्ली सर्वांच्या हाती दिली. गार्गी, लोहित असे देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली निघाले. अनेक स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील भाषांतरकारांनी ग्नोम व केडीई या दर्शनी व्यवस्थांतील सूचना मराठीत आणल्या. सी-डॅकने २००७ साली डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली प्रसृत केली. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात उपलब्ध करून दिले. सातपुड्याच्या पायथ्याशी बोलल्या जाणाऱ्या भिली भाषेची नोंदही लिनक्सच्या मूलभूत भाषाकोशात झाली आहे; वार, महिने आणि तारखा त्या भाषेच्या रीतीने दाखविण्याची तरतूद तीत आहे. भाषेची बाजारपेठ लहान म्हणून तिला दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार येथे कोणासही नाही. अहिराणीच्या अभिमान्यांनी मनावर घेतले, तर त्यांनाही कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

दरम्यान काळाने घरातील संगणकांस एकामागून एक नोटिसा बजावल्या. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची, १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ ची आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ तर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर असल्यावाचून यंत्रास अधिकृतपणे पात्रच मानीत नाही. यंत्राचा पडदा, कळफलक, प्रोसेसर सारे शाबूत असताना केवळ दूरच्या कचेरीतील एका तारखेने ते निरुपयोगी ठरावे, ही गोष्ट काटकसरीने संसार करणाऱ्या कुटुंबास न पटणारी आहे, आणि तिचे न पटणे सर्वथा योग्य आहे.

मग अशा यंत्रासाठी निवड कशी करावी? प्रथम यंत्राची प्रकृती तपासावी. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि काळ्या मातीची धूळ पंख्यात व हीटसिंकमध्ये साचते. पुष्कळ संगणक प्रणालीच्या दोषाने हँग होत नसून उष्णतेने होतात, म्हणून धूळ झाडून, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलून मगच पुढे जावे. त्यानंतर रॅम पाहावी. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती विंडोजला सरावलेल्या माणसास ओळखीची वाटेल. २ जीबी असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स. आणि त्याहूनही कमी असेल तर अँटिएक्स अथवा २००३ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली पपी, जी सारीच्या सारी रॅममध्ये येऊन चालू शकते. यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे, ही चौकशी आता अगत्याची झाली आहे. कारण उबुंटू आणि मिंट यांनी ३२ बिटांची साथ पूर्वीच सोडली, आणि १९९३ पासून चालत आलेल्या वडीलधाऱ्या डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील आपल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठापना देणे थांबविले. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसविता आली, तर तेवढ्या एका खर्चाने यंत्राचा वेग ओळखू येणार नाही इतका वाढतो. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी टंकलेखन, हे चारही विषय पडताळल्यावाचून हार्डडिस्कला हात लावू नये, आणि घरचे फोटो व कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावीत.

मर्यादाही स्पष्ट सांगणे हे कर्तव्य आहे. ज्या दुकानाचा जमाखर्च टॅलीवर चालतो, ज्या केंद्राचा जुना मजकूर श्रीलिपीच्या कुलपात आहे, किंवा ज्या व्यवसायात डिजिटल स्वाक्षरीच्या साधनाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, तेथे घाईने पालट करणे अनाठायी होईल. परंतु मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, बँकेचे व वीजबिलाचे व्यवहार, चित्रपट आणि वाचन, एवढ्याच गरजा असलेल्या घरास मुक्त प्रणालीत उणीव भासण्याचे कारण नाही.

या विषयात खानदेशास स्वतःची एक थोर परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ज्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले आणि ज्या धुळ्यात पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या धुळ्यास मुक्त संहितेचे महत्त्व परक्याने समजावून देण्याची आवश्यकता नाही. वाड्यांतील माळ्यांवर, रुमालांत बांधून, वाळवीच्या स्वाधीन झालेली दफ्तरे राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. मूळ कागद सर्वांसमोर मांडले पाहिजेत, म्हणजे आपले निष्कर्षही कोणी तपासून खोडू शकेल, ही त्यांची वैज्ञानिक धारणा होती. मुक्त प्रणाली जे सांगते ते याहून वेगळे नाही: ज्यावर आपले जीवन चालते तो मूळ मजकूर झाकलेला नसावा, जाणत्याने तो तपासावा, चुकला असेल तेथे दुरुस्त करावा, आणि दुरुस्ती सर्वांच्या स्वाधीन करावी. फुकट मिळते म्हणून लिनक्स घ्यावी हे कारण गौण आहे. आपल्या यंत्राच्या आयुष्याची मुदत परक्याच्या हुकमावर अवलंबून राहू नये, हे खरे कारण होय.

एक उणीव मात्र अजून भरून निघालेली नाही. विंडोज अडली तर गल्लीतला पोरगाही ती पुन्हा टाकून देतो. लिनक्स अडली तर कोणास विचारावे, हे जळगाव-धुळ्याच्या गृहस्थास माहीत नसते, आणि निवड फसते ती बहुधा येथेच. ही उणीव दूर करणे आपल्याच आवाक्यातील आहे. धुळे जिल्ह्यातील गावांनी लोकवर्गणी काढून आपल्या प्राथमिक शाळा डिजिटल केल्या, हे अलीकडचेच उदाहरण आहे. दोन्ही जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी आठवड्यातील एक दिवस यासाठी राखून ठेवावा; नागरिकांनी आपला जुना संगणक तेथे आणावा, विद्यार्थ्यांनी त्यात प्रणाली बसवून मराठी चालू करून द्यावी. आणि वाचकांस विनंती एवढीच की, कोपऱ्यात पडलेला संगणक भंगारात देण्यापूर्वी, एका पेनड्राइव्हचा खर्च करून, त्याची एकदा परीक्षा घ्यावी.