शिकाऊ हातांची खोली

शिकाऊ हात रुग्णाच्या अंगाला लागण्याआधी त्याने दुसरीकडे चुकून घ्यावे, हा विचार फार जुना आहे. त्याचे मूळ शोधायचे तर आपल्याला सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय उघडावा लागतो. सगळे शास्त्र अवगत झालेला शिष्यही सरावाशिवाय शस्त्रकर्माला अपात्रच, असे तो अध्याय बजावतो आणि लगेच सरावाचे साहित्य सांगू लागतो. छेद घेण्यासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. टाके घालण्यासाठी जाड वस्त्राच्या कडा आणि मऊ कातडे. शिरा वेधण्यासाठी मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. शरीरात रुतलेली वस्तू ओढून काढण्याच्या सरावासाठी तर फणसाचा गर सुचवला आहे. बरक्या फणसाचा गरा न फाडता आठळी काढून पाहिलेल्या रत्नागिरीकराला ही निवड किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही. गर निसरडा आणि चिकट असतो, आठळी बोटांतून सुटते आणि ओढ जास्त झाली की गरा फाटतो. पट्टी बांधण्याचा सराव मात्र अंगोपांगे घडवलेल्या पुतळ्यावर करावा, असे तिथे म्हटले आहे. आजच्या मॅनिकिनचा, म्हणजे सरावाच्या पुतळ्याचा, हा आपल्याकडचा पूर्वज.

युरोपात असाच पुतळा अठराव्या शतकात एका सुईणीने घडवला. मादाम द्यू कूद्रे यांना पंधराव्या लुईने १७५९ साली फ्रान्सभर सुईणींना शिकवण्याची सनद दिली, आणि कापड-चामड्याची गर्भवती बरोबर घेऊन त्या गावोगाव फिरल्या. आपल्याकडे तोवर शवविच्छेदनाची परंपरा लोपली होती. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी हाती शस्त्र धरले आणि ती कोंडी फुटली. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग हे तिथल्या पहिल्या पदवीधरांपैकी. पुढे शिकवण्याचे साहित्य तयार करण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत छायाचित्रण व दृक्‌श्राव्य विभाग आले. छायाचित्रकार, प्रतिकृती घडवणारा चित्रकार, डार्करूममधला मदतनीस, अशी माणसे तिथे असत. या माणसांचे ऋण वैद्यकाच्या इतिहासाने पुरेसे मानलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

१९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या ओस्मुन लेर्दाल यांनी ‘रिससी अ‍ॅन’ हा पुतळा बाजारात आणला आणि छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा सराव जगभर सुरू झाला. त्याच दशकात कॅलिफोर्नियात संगणकावर चालणारा ‘सिम वन’ हा पुतळा तयार झाला. भारतात मात्र अशा सरावाची खोली, म्हणजे स्किल लॅब, सक्तीची व्हायला २०१९ साली सुरू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागली. २०२०च्या मानकांनी १५० विद्यार्थ्यांपर्यंतच्या महाविद्यालयाला तिच्यासाठी किमान ६०० चौरस मीटर जागा ठरवून दिली.

रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणचे वालावलकर ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली उभे राहिले, आणि खुद्द रत्नागिरीत २०२३ साली शासकीय महाविद्यालयाची १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. अशा महाविद्यालयांच्या लॅबमधला सुई टोचण्याच्या सरावाचा कृत्रिम हात आपण जवळून पाहू. रबरी कातडीखाली नळ्या असतात, त्यांत लाल पाणी खेळवलेले असते. विद्यार्थी बोटाने शीर चाचपतो, सुई तिरकी धरून टोचतो. नेम बरोबर बसला की सुईच्या मागच्या पारदर्शक भागात लाल थेंब चढतो. चुकला तर पुन्हा टोचायचे. कमळाच्या देठाचे काम आता ही नळी करते. मात्र वारंवार टोचून कातडी गळू लागते, नळ्या बदलाव्या लागतात, संगणकावरच्या पुतळ्यांची जुळणी पुनःपुन्हा करावी लागते. मानकांनी जागा मोजून दिली आहे; पण हे काम ज्याच्या हातात असेल त्या तंत्रज्ञाचे कायम पद प्रत्येक शासकीय महाविद्यालयात असले पाहिजे, आणि ते पुतळे खरेदी करण्याआधी भरले गेले पाहिजे.