बैलगाडी, मॅटाडोर, छोटा हत्ती : किती सीसीचं इंजिन घ्यावं?



गेले पंधरा दिवस घरात एकच वाद चाललाय. पुतण्या म्हणतो, "काका, घ्यायचीच तर मोठ्या इंजिनची पिकअप घेऊ. अडीच हजार सीसी. पुन्हा पुन्हा थोडीच घेणार आहोत?" माझं म्हणणं, छोटा हत्ती बस झाला. हप्ता कमी, डिझेल कमी, गल्लीत वळतो. आबा ओसरीवर बसून दोघांचं ऐकतात आन् म्हणतात, "आधी माल किती नेता ते तर मोजा."

वाद उगाच नाही. मागच्या उन्हाळ्यात हळद पॉलिश करून, कट्टे भरून तयार होती. भाड्याची गाडी सांगून ठेवली होती. ती त्या दिवशी आलीच नाही, दुसरीकडं जास्त भाडं मिळालं म्हणून गेली. रात्री अवकाळी आला. ताडपत्री होती, तरी खालच्या थराचे कट्टे भिजले. वाळवून नेले, पण लिलावात रंग गेलेल्या हळदीला कोण विचारतंय? तिथं जे गेलं, त्यात गाडीचा निम्मा बयाणा निघाला असता. तेव्हापासून पुतण्यानं ठरवलं, गाडी आपली पाहिजे.

आबांच्या बोलण्यावरून मी जरा मागं जाऊन बघितलं, की आपल्याकडं माल वाहायच्या गाड्या बदलत कशा गेल्या, आन् प्रत्येक वेळी कोणती टिकली. ते वाचताना, जुन्या माणसांना विचारताना जे कळलं ते इथं लिहितो.

बैलगाडीचा हिशेब

आमच्या आजोबांच्या काळात इंजिन म्हणजे दोन बैल. निजामाच्या राज्यात पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज रेल्वे आली होती आन् हिंगोली कापसाची मोठी पेठ होती. कळमनुरीच्या बाजूचा कापूस गाड्या भरून तिकडं जायचा. आबा सांगतात, गाडीत दहाएक क्विंटल भरायचे, वाटेत ओढा-चढण असेल तर त्याहून कमी. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक आरीपर्यंत रुतायचं, म्हणून तेव्हा माल निघायचाच नाही. पुढं लोखंडी धावेच्या चाकाऐवजी रबरी टायरची गाडी आली आन् त्याच बैलांनी जास्त माल ओढायला सुरुवात केली. बैल तेच, चाक बदललं. ओढायची ताकद वाढवायची एवढी एकच वाट नसते, हे आपल्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

टेम्पो हे नाव कुठून आलं

आपण कोणत्याही मालगाडीला टेम्पो म्हणतो. हे मुळात एका कंपनीचं नाव. जर्मनीत हॅम्बुर्गला विडाल आणि सोन नावाचा कारखाना होता, त्यांच्या गाड्यांचं नाव टेम्पो. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी काढली आन् त्यांची हॅन्सीट ही तीन चाकी इथं बनवायला घेतली. पुढं एक चाक, मागं दोन. कारखाना पुढं पुण्याजवळ आकुर्डीला आला. २००५ मध्ये या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण गावात टेम्पो तो टेम्पोच राहिला.

१९६९ मध्ये याच कंपनीनं मॅटाडोर आणली. चार चाकं, डिझेल इंजिन, मागं मोकळा हौदा. भाजीपाला, दूध, वऱ्हाड, सगळं तिच्यातून गेलं. मॅटाडोरची एक गोष्ट जुने ड्रायव्हर अजून सांगतात. तिची ताकद पुढच्या चाकांना मिळायची. मागं जास्त माल भरला आन् चढण लागली की पुढचा भाग हलका व्हायचा आन् चाकं जागेवरच फिरायची. पाऊस पडून गेलेला असला तर विचारूच नका. इंजिनात दम होता, पण तो जमिनीला लागत नव्हता. म्हणून गाडी बघताना सीसीच्या आधी विचारायचं, ताकद कोणत्या चाकाला जाते आन् माल भरल्यावर वजन कोणत्या चाकावर येतं.

जपानी गाड्या आणि ४०७

१९८० च्या दशकात सरकारनं हलक्या मालगाड्यांसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारी करू दिली. एका पाठोपाठ चार आल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. गाड्या चांगल्या, आवाज कमी, डिझेल कमी. तेव्हा लोकांना वाटलं, टाटांचं आता काही खरं नाही.

टेल्कोनं १९८६ मध्ये ४०७ काढली. इंजिन २,९५६ सीसी, टर्बो नाही, ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास. कागदावर जपानी गाड्यांसमोर फार भारी नव्हती. पण दोन गोष्टी तिच्या बाजूनं होत्या. पहिली, १९८५ नंतर जपानी येन महाग होत गेला आन् बाहेरून सुटे भाग आणणाऱ्या कंपन्यांचं गणित बिघडलं. दुसरी, ४०७ चा भाग कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळायचा आन् रस्त्याकडेचा मिस्त्री ती खोलायचा. वेळेपेक्षा आन् वजनापेक्षा जास्त माल भरला तरी ती सोसायची, हे आपल्या लोकांनी लवकरच हेरलं. पुढं डीसीएम टोयोटा देवूकडं गेली, ऑल्विन निसान महिंद्रात मिसळली. आयशर आणि स्वराज टिकल्या, पण भागीदार बदलत. ४०७ मात्र आजही रस्त्यावर आहे.

आमच्या भागात अजून एक म्हण झाली आहे: गाडी शोरूममध्ये बघू नये, मिस्त्रीच्या दारात बघावी. ती बहुतेक याच काळात जन्मली असावी.

जीपची पिकअप झाली

महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली होती. १९८० च्या दशकात त्यांनी जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजोचं डिझेल इंजिन घातलं, २,११२ सीसीचं. मराठवाड्यात ज्यांनी त्या काळात जीपच्या मागं लोंबकळत प्रवास केलाय, त्यांना त्याचा आवाज ओळखू येईल. पुढं इंजिन अडीच हजारांवर गेलं. बोलेरो २००० मध्ये आली आन् त्याच घराण्यातली बोलेरो पिकअप २,५२३ सीसीच्या इंजिनवर माल वाहू लागली. खाली मजबूत चौकट, ताकद मागच्या चाकांना, पाट्यांची स्प्रिंग. पांदीतून माल काढायला ही गाडी बरी, हे शेतकऱ्यांनी ठरवलं. पुतण्याच्या डोक्यात जी बसलीय ती हीच. तिच्या वर्गात ती वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त खपत आलीय, त्यामुळं पोराचं चुकतंय असं म्हणता येत नाही.

अर्ध्या इंजिनाचा हत्ती

तोवर खालच्या टोकाला तीन चाकींचं राज्य होतं. बारामतीच्या पियाजिओ कारखान्यातली ॲपे तर बाजार समितीच्या दारात रांगेनं उभी असायची. एक सिलिंडरचं इंजिन, पाचेक क्विंटलचा माल, डुगडुगत जायची.

टाटांनी तेव्हा गिरीश वाघ यांच्याकडं नव्या छोट्या गाडीचं काम दिलं. त्यांच्या माणसांनी आधी जाऊन तीन चाकी चालवणाऱ्यांशीच बोलणं केलं: किती माल नेता, किती लांब जाता, काय परवडतं. एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की एका ड्रायव्हरनं सांगितलं, चार चाकी असती तर गावात लग्नाला स्थळ बरं आलं असतं. हसू येतं, पण खरंय. चौथं चाक म्हणजे पत असते.

मे २००५ मध्ये एस बाजारात आली. इंजिन किती? ७०२ सीसी, दोन सिलिंडर, १६ अश्वशक्ती. हा आकडा कुठून आला, तर इंडिका कारचं इंजिन होतं १,४०५ सीसी, चार सिलिंडरचं. एका सिलिंडरमध्ये ३५१ सीसी. त्यातले दोन ठेवले, दोन काढले, झाले ७०२. म्हणजे अर्धी इंडिका. माल ठरवला ७५० किलो. तेव्हाच्या मोठ्या गाडीवाल्यांनी नाकं मुरडली असतील, पण लोकांनी तिला छोटा हत्ती नाव दिलं आन् २०१२ पर्यंत अशा दहा लाख गाड्या खपल्या.

हे बघून सगळे धावले. महिंद्रानं २०१० मध्ये मॅक्सिमो आणली, ९०९ सीसी. अशोक लेलँडनं निसानबरोबर २०११ मध्ये दोस्त काढली: १,४७८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो, सव्वा टन माल. मारुती २०१६ मध्ये ७९३ सीसीच्या सुपर कॅरीसह उतरली. टाटांनी २०१९ मध्ये इंट्रा आणली, एकाच नावाखाली छोटं ७९८ सीसी आणि मोठं १,३९६ सीसी, दोन्ही.

इथं सीसीचा भ्रम फुटतो. जुन्या ४०७ ला २,९५६ सीसीत जी ताकद मिळायची, तिच्या जवळपास पाऊण ताकद दोस्तनं निम्म्या सीसीत दिली. कारण टर्बो आन् नव्या पद्धतीची डिझेल फवारणी. म्हणून नुसता सीसीचा आकडा धरून दोन गाड्या तोलल्या तर फसगत होते.

२०२० नंतर

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. छोट्या डिझेल इंजिनाचा धूर साफ करायला जो खर्च येतो, तो छोट्या गाडीच्या किमतीत बसेना. मारुतीनं डिझेल बंदच केलं, पेट्रोल आणि सीएनजीवर गेली. छोट्या हत्तीलाही पेट्रोलचा भाऊ आला. म्हणजे छोटं इंजिन घ्यायचं तर आता इंधन कोणतं, हा प्रश्न आधी येतो. सीएनजी घेणार असाल तर पंप आपल्या गावापासून किती लांब आहे ते आधी बघा. आन् नव्या डिझेलच्या धुराच्या गाळणीला अधूनमधून लांबची, गरम धाव लागते. रोज दोन किलोमीटर शेत ते घर एवढंच चालवलं तर गाळणी चोंदते.

कायद्याच्या तीन गोष्टी पण याच काळातल्या, कामाच्या आहेत:

१) मालासह एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणं मालवाहू परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की लागतं. आरसीवर एकूण वजन वाचूनच सही करा.

२) हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आन् नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं कायम केलं. विमा कंपनी या कारणावरून अडवायची, ते आता थांबावं.

३) २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आन् वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड कायद्यात आहे. "इंजिन ओढतंय ना, मग भरा" हे ४०७ च्या जमान्यातलं बोलणं आता महागात जातं. इंजिन ओढतं हो, पण ब्रेक आन् एक्सल तेवढ्याचेच असतात.

मग आम्ही काय ठरवलं

हे सगळं वाचून आबांचं म्हणणं पटलं. जी गाडी चालली, ती बनवणाऱ्यानं किंवा घेणाऱ्यानं आधी माल मोजला होता. म्हणून मी आन् पुतण्यानं वर्षभराच्या खर्चाच्या वह्या काढल्या. प्रत्येक भाड्याच्या गाडीची नोंद होती, फक्त कधी एकत्र बघितली नव्हती.

निघालं असं. खत, बियाणं, भाजी, पेंड, मोटारीचं सामान, अशा बहुतेक फेऱ्या सात-आठ क्विंटलच्या आत. इथं माझा छोटा हत्ती जिंकला. पण हळद आन् सोयाबीन? दोन एकर हळद, ४४ क्विंटल. साडेसातशे किलोच्या गाडीला सहा फेऱ्या, सव्वा टनाच्या गाडीला चार, मोठ्या पावणेदोन टनाच्या गाडीला तीन. हिंगोलीचा मोंढा वीसेक किलोमीटर, लिलावाला दिवस जातो. सहा फेऱ्या म्हणजे माल तीन दिवस घरी पडून, वर आभाळ. इथं मी हरलो.

पण चार फेऱ्या आन् तीन फेऱ्या यात एकाच फेरीचा फरक. त्या एका फेरीसाठी बारा महिने मोठं इंजिन रिकामं पळवायचं, मोठा हप्ता भरायचा? इथं पुतण्या हरला. आमच्याच भावकीत एकानं मोठी गाडी घेतली होती, भाडं मिळेल या भरवशावर. पहिलं वर्ष मिळालं. दुसऱ्या वर्षी गावात तशाच तीन झाल्या आन् चौथ्या वर्षी हप्त्यापायी त्यानं ती विकली. पुतण्याला ते आठवत होतं, पण बोलत नव्हता.

तर आम्ही मधला वर्ग धरलाय: सव्वा ते दीड टन माल, दीड हजार सीसीच्या आसपास टर्बो डिझेल, ताकद मागच्या चाकांना, एकूण वजन तीन हजारांच्या आत. यात तीन-चार कंपन्यांच्या गाड्या बसतात. कोणती, ते पुढच्या आठवड्यात माल भरून चालवून बघणार आहोत, रिकामी नाही. वीस कट्टे भरायचे आन् शेतातल्या पांदीनंच न्यायची, असं शोरूमवाल्याला सांगितलंय. तो जरा दचकला, पण हो म्हणाला.

मंडळी, हे आमच्या वहीचं उत्तर आहे. तुमचा ऊस असेल, केळी असेल, दूध असेल तर तुमच्या वहीचं उत्तर वेगळं निघेल. पण वही काढा. आबा काल म्हणाले, "बैल घेताना पण आम्ही आधी रान बघायचो, मग बैल." यापुढं मला काही सुचलं नाही.

तुमच्याकडं कोणती गाडी आहे, वर्षात किती फेऱ्या भरून आन् किती रिकाम्या जातात, जरूर लिहा. आम्हाला बयाणा द्यायच्या आधी उपयोग होईल.