मगरी कधीकाळी जमिनीवर राहायच्या? धडगावच्या काळ्या खडकाआधीची गोष्ट

‘मगर २० कोटी वर्षांत जराही बदललेली नाही’ अशा पोस्ट सोशल मीडियावर सतत फिरतात. पण हे खरं नाही. नर्मदेत आज दिसणारी मगर ही एका मोठ्या कुळाची उरलेली शाखा आहे. याच कुळातल्या अनेक शाखा पूर्णपणे जमिनीवर राहायच्या.

सुरुवात जमिनीवरच

मगरींचे सुरुवातीचे नातेवाईक २० कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे. त्यातले काही सडपातळ, लांब पायांचे होते. मध्य प्रदेशात सापडलेला टिकिसुकस मात्र जमिनीवरचा मोठा शिकारी होता. तोही मगरींच्याच वंशरेषेतला.

ओळखायचं कसं?

आजच्या मगरीचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे ती पाण्यात लपून राहू शकते. जमिनीवरच्या शिकारी मगरींची कवटी उंच आणि अरुंद होती, दात चपटे आणि करवतीसारखे. पायही शरीराच्या खाली सरळ असायचे.

भारताच्या आसपास कुठे?

बलुचिस्तानात सापडलेल्या अशाच एका शिकारी मगरीला २००१ मध्ये ‘पाबवेहशी’ हे नाव मिळालं. मादागास्करमधली सिमोसुकस तर आखूड तोंडाची आणि शाकाहारी होती! तिच्यासारखे दात तामिळनाडूतही सापडले आहेत. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

मग धडगावचं काय?

सातपुड्यातल्या धडगाव परिसरात बहुतेक काळा बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो बनला. वितळलेल्या खडकात हाडं टिकत नाहीत. जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या खाली किंवा दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली, ती अशाच गाळात.

त्या संपल्या कशा?

डायनासोरसोबत यातल्या बऱ्याच शाखा नष्ट झाल्या. सेबेसिड नावाची शाखा मात्र दक्षिण अमेरिकेत पुढे कोट्यवधी वर्षं टिकली.

हाडासारखा दगड दिसला तर?

तो उचलू नका. फोटो काढा, जागा नोंदवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. जीवाश्म कोणत्या थरात होता यावरूनच त्याचं वय ठरतं. जागेवरून हलवला, की तो पुरावा जातो.