आपण नक्की कोणाचं गिऱ्हाईक?



गेल्या महिन्यात गावातला एक पोरगा ऑफिसात आला. वेबसाइट बनवून देतो, काम अमेरिकेतलं. तिकडचा माणूस म्हणतोय, यापुढे पैसे यूएसडीसीमध्ये घे, दोन मिनिटांत पोचतात. पोराचा प्रश्न एकच होता : "दादा, पैसे अडकले तर भांडायचं कुणाशी?"

मला उत्तर देता आलं नाही. मग तीन-चार रात्री वाचत बसलो.

यूएसडीसी म्हणजे स्टेबलकॉइन. कंपनीला एक डॉलर द्यायचा, ती एक डिजिटल नाणं देते. तो डॉलर ती बँकेत किंवा अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवते. नाणं परत करा, डॉलर घेऊन जा. ऐकायला हुंडीसारखंच. पेशवाईत पुण्याहून काशीला निघालेला माणूस सगळी रोकड कमरेला बांधून नेण्यापेक्षा सावकाराची हुंडी नेई. हुंडणावळ कापली जाई, पण कोणी लिहिली, कोणावर लिहिली, हे कागदावरच असे. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे. तिथल्या पेढीने नाकारली तर त्याच गावातल्या दुसऱ्या पेढीच्या नावाने जिकरी चिठ्ठी देण्याचीही रीत होती. म्हणजे 'भांडायचं कुणाशी' याचं उत्तर घरातून निघतानाच खिशात असे.

स्टेबलकॉइनचा इतिहास या उत्तराच्या शोधाचाच आहे, असं मला वाटायला लागलंय.

18 जून 2019 ला फेसबुकने लिब्रा जाहीर केलं. 28 संस्थापक भागीदार, त्यांत व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल, स्ट्राइप अशी तगडी नावं. जगभरची सरकारं खवळली. 4 ऑक्टोबरला पेपाल बाहेर पडलं. चार दिवसांनी दोन अमेरिकी सिनेटरांनी व्हिसा, मास्टरकार्ड आणि स्ट्राइपला पत्र लिहिलं. आशय असा की यात राहिलात तर तुमच्या बाकीच्या धंद्यावरही आमची बारीक नजर राहील. 11 ऑक्टोबरला तिघंही बाहेर! लग्नाच्या मांडवातून वऱ्हाडी एकेक करून चप्पल शोधायला लागतात, तसं झालं. लिब्राचं नाव बदलून डिएम केलं, तरी नाणं बाजारात आलंच नाही. जानेवारी 2022 मध्ये सगळा पसारा सिल्व्हरगेट नावाच्या बँकेने सुमारे 18 कोटी 20 लाख डॉलरला घेतला. ही बँक लक्षात ठेवा.

लिब्रात सामान्य माणसाचा पैसा गुंतलाच नव्हता. पुढच्या गोष्टीत होता.

बायनान्स हे क्रिप्टोचं मोठं एक्स्चेंज. त्याच्या नावाचं बीयूएसडी हे नाणं काढत होती न्यूयॉर्कची पॅक्सोस कंपनी. गंमत अशी की एकाच नावाची दोन नाणी फिरत होती. एक पॅक्सोसचं, नियामकाच्या परवानगीचं. दुसरं बायनान्सने पहिल्याच्या आधारावर दुसऱ्या ब्लॉकचेनवर काढलेलं, त्याला ती परवानगी नव्हती. घेणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसणार. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या नियामकाने पॅक्सोसला नवीन नाणी काढायला बंदी केली. पॅक्सोसने पैसे परत देणं चालू ठेवलं, तिथे बोट ठेवायला जागा नाही. पण भागीदाराची नीट चौकशी केली नाही, हा ठपका राहिलाच. ऑगस्ट 2025 मध्ये पॅक्सोसने 2 कोटी 65 लाख डॉलर दंड कबूल केला.

आता खरी कसोटी. मार्च 2023. 8 तारखेला वर सांगितलेल्या सिल्व्हरगेटने कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 10 तारखेला, शुक्रवारी, सिलिकॉन व्हॅली बँकेला सरकारी टाळं लागलं. त्या रात्री यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीने सांगितलं की सुमारे 40 अब्ज डॉलरच्या राखीव निधीपैकी 3.3 अब्ज त्या बँकेत अडकलेत. शनिवारी एक डॉलरचं नाणं 87-88 सेंटपर्यंत घसरलं. कॉइनबेसने यूएसडीसीचे डॉलर करून देणं सोमवारपर्यंत थांबवलं. नाणी चोवीस तास पळतात म्हणायचं आणि बँका शनिवार-रविवार बंद! भीतीने ज्यांनी 88 सेंटला विकली, त्यांचा तोटा कायमचा झाला. रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने जाहीर केलं की बँकेच्या सगळ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील. विम्याची मर्यादा एरवी अडीच लाख डॉलरची. सोमवारी नाणं पुन्हा डॉलरच्या जवळ आलं.

बघा, वाचले कोण? बँकेची ठेवीदार सर्कल होती. नाणं बाळगणारा बँकेच्या वहीत कुठेच नव्हता. आणि सर्कलच्या वहीत? सर्कलकडे थेट नाणं देऊन डॉलर घ्यायचे तर तिथे खातं लागतं, आणि ते कंपन्या आणि संस्थांना मिळतं. आमच्या पोरासारख्याने मधल्या ॲपकडे जायचं किंवा बाजारात विकायचं. सर्कलच्या लेखी गिऱ्हाईक म्हणजे ते मधलं ॲप.

पैशांचा माग काढला की हे आणखी उघड होतं. राखीव निधीवर व्याज मिळतं, तीच सर्कलची मुख्य कमाई. 2025 मध्ये शेअर बाजारात येताना दिलेल्या कागदपत्रांत आकडे आहेत : 2024 चं उत्पन्न 1.68 अब्ज डॉलर, त्यातले सुमारे 90 कोटी कॉइनबेसला गेले. बायनान्सला 6 कोटींहून जास्त एकरकमी. म्हणजे नाणं काढणाऱ्यापेक्षा ते खपवणाऱ्याचा वाटा मोठा. आमच्या बाजार समितीत अडत्याचं वजन ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

18 जुलै 2025 ला ट्रम्प यांनी अमेरिकेच्या स्टेबलकॉइन कायद्यावर सही केली. नाण्यामागे पूर्ण राखीव निधी ठेवायचा, दर महिन्याला हिशेब जाहीर करायचा, कंपनी बुडाली तर नाणेधारकाचा हक्क आधी. हे चांगलंच झालं. पण कंपनीने धारकाला व्याज द्यायचं नाही, हेही त्यात आहे. आणि आधीचा हक्क मिळतो तो नाणं काढणारी कंपनी बुडाली तर. मधल्या ॲपने खातं गोठवलं तर काय, ते त्या ॲपच्या अटींत शोधायचं. शिवाय आपल्याकडे 2022 पासून अशा डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आहे, तो वेगळाच.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. म्हटलं, ॲपच्या अटी उघड आणि करार कोणाशी आहे तेवढं बघ. दोन दिवसांनी स्क्रीनशॉट आला. कंपनी भलत्याच देशातली, वाद झाला तर न्यायालय तिथलंच. पोराने या महिन्याचे पैसे बँकेतच मागवलेत. शंभरेक डॉलरचं काम असलं की बँकेची कात्री जोरात लागते, म्हणून कुरकुरतोय. त्याचीही कुरकुर खरी आहे.