एरंड, बिब्बा आणि लॅटिन

ऑक्टोबर हा शब्द घ्या. लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’ म्हणजे आठ. मग हा महिना दहावा कसा? उत्तर सोपे आहे. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चात सुरू होई. मार्चपासून बोटे मोजली की ऑक्टोबर बरोबर आठवा येतो. पुढे वर्षारंभ जानेवारीवर गेला, पण महिन्याचे नाव कोणी बदलले नाही. आपल्याकडे चैत्रापासून मोजले तर आठवा येतो कार्तिक. म्हणजे दिवाळीचा पाडवा हा आपल्याही आठव्या महिन्याचा पहिला दिवस! हा निव्वळ योगायोग, पण आठवणीत ठेवायला सोयीचा.

परक्या शास्त्रीय शब्दाचे मूळ धरून त्याचा अर्थ ताडायचा, हा नाद मला विद्यार्थिदशेपासून आहे. संग्रामपूरसारख्या गावी कोश हाताशी नसत, तेव्हा ताडण्यावाचून गत्यंतरही नसे. आता दिवाळीत फराळ आटोपला की घरातली मुले मला शब्द घालतात आणि मी ताडतो. या खेळात मराठी माणसाला एक जन्मजात सवलत आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळच्या भाषा असाव्यात असे जाहीरपणे मांडले. तेव्हा ‘डेन्स’ म्हणजे दंत, ‘सेप्टेम’ म्हणजे सप्त, ‘नोवुस’ म्हणजे नव, ‘इग्निस’ म्हणजे अग्नी. भूगोलाच्या पुस्तकातला ‘इग्नियस’ खडक कोणता, हे वऱ्हाडातल्या पोराला सांगावे लागू नये. आपल्या काळ्या मातीखाली जो काळा पाषाण पसरला आहे तोच तो, अग्नीतून जन्मलेला. ‘बायपेड’ म्हणजे द्विपाद. इतके सरळ!

पण सरळ वाटेवर खड्डे असतातच, आणि ते सर्वांत जास्त झाडांच्या नावांत आहेत. १७५३ साली स्वीडनच्या लिनिअसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव नंतर असते, तशातला हा प्रकार. या नावांचा पेहराव लॅटिन असतो, पण आतला देह पुष्कळदा ग्रीक, आणि कधी कधी (इथेच खरी मौज आहे) अगदी आपला.

आमच्या गावाच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे, अंबाबरव्याचे जंगल आहे. तिकडे निघाले की बांधावरचा एरंड आधी भेटतो. त्याचे शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस. ‘कम्युनिस’ म्हणजे सामान्य, सर्वत्र आढळणारा. हे ताडता येते. पण ‘रिसिनस’? लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीड! ज्याने बैलाच्या कानामागची टम्म फुगलेली गोचीड काढली आहे, त्याने एरंडीचे बी तळहातावर घेऊन पाहावे. तेच ठिपके, तोच घाट, टोकाशी तेच बारीक तोंड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या शेतकऱ्याला जे दिसले तेच आपल्यालाही दिसते. ग्रीकांनाही तेच दिसले होते. त्यांच्या भाषेत गोचिडीला ‘क्रोटॉन’ म्हणत, आणि जमालगोट्याला आज क्रोटॉन हेच गोत्रनाव आहे.

याच एरंडाच्या नावाचा एक सोयरा कुंपणाला लावतात, मोगली एरंड. कोणी त्याला चंद्रज्योत म्हणतात. झाड मूळचे अमेरिकेतले, पण गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून आपल्याकडे कुंपणाला सोयीचे झाले. त्याचे नाव जॅट्रोफा. मूळ फोडून पाहा. ग्रीक ‘इयाट्रोस’ म्हणजे वैद्य, ‘ट्रोफे’ म्हणजे अन्न. वैद्याने दिलेला आहार! नुसत्या मुळावर विसंबून अर्थ लावणाऱ्याला वाटेल, हे काहीतरी पथ्याचे, पौष्टिक असावे. प्रत्यक्षात या बिया विषारी आहेत. चवीला बऱ्या लागतात, शेंगदाण्यासारख्या. म्हणून शाळेतून येताजाता मुले त्या फोडून खातात, आणि तासा-दोन तासांत ओकाऱ्या आणि जुलाबांनी हैराण होऊन दवाखान्यात पोचतात. महाराष्ट्रात अशा बातम्या वरचेवर छापून येतात. म्हणून आमच्या घरच्या खेळात हा शब्द मी दरवर्षी मुद्दाम घालतो आणि मुलांना ते बी हातात देऊन दाखवतो. बाकीचे शब्द विसरले तरी चालतील.

जंगलात शिरले की बिब्बा. सेमेकार्पस अनाकार्डियम. ‘सेमेइऑन’ म्हणजे खूण, ‘कार्पोस’ म्हणजे फळ, खुणेचे फळ. परटाने कपड्यावर बिब्ब्याने खूण घातलेली ज्यांनी पाहिली आहे त्या पिढीला हे नाव समजावून सांगायला नको. तो डाग धुण्याने जात नाही. ‘कार्डिया’ म्हणजे हृदय, हृदयाच्या आकाराचे. आता यातली अदलाबदल ऐका. अनाकार्डियम हे युरोपातल्या जुन्या औषधविक्यांकडे बिब्ब्याचेच नाव होते. पुढे ब्राझीलमधून काजू आला, त्याचे बी बिब्ब्यासारखे दिसले, आणि लिनिअसने आपल्या बिब्ब्याचे नाव काजूच्या गोत्राला देऊन टाकले. नाव पाहुण्याला गेले आणि यजमान दुसऱ्या गोत्रात गेला! तरी ही सोयरीक खोटी नाही. काजूच्या टरफलातले तेलही बिब्ब्यासारखेच अंगावर उतते, हे कोकणातल्या काजू सोलणाऱ्या बायकांना विचारावे.

त्रिफळ्याची तीन फळे तर तीन तऱ्हांची. बेहड्याचे आणि हिरड्याचे गोत्र एकच, टर्मिनालिया; ‘टर्मिनस’ म्हणजे शेवट, कारण पाने फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. हे लॅटिनने सुटले. पण हिरड्याचे ‘चेब्युला’ लॅटिन कोशात शोधू नका. ते काबूलवरून आले आहे. हिरडा आपल्या डोंगरात पिकतो, पण त्याचा व्यापार ज्या वाटेने पश्चिमेकडे गेला त्या वाटेचे नाव त्याला चिकटले. आणि आवळ्याचे ‘एम्ब्लिका’? संस्कृत आमलकी, अरबी आमलज, त्यावरून एम्ब्लिका. आपलाच शब्द देशाटन करून, टोपी घालून परत आला आणि आपण त्याला ओळखले नाही.

नेमका उलटा उद्योग आपल्या प्रांतातही झाला. वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, म्हणजे नागपूरच्या राज्यात होते. तिथे डॉ. रघुवीर यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय शब्दांची मुळे फोडून त्या जागी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय बसवण्याची विराट खटपट केली. लॅटिन ‘कार्बो’ म्हणजे कोळसा, तेव्हा कार्बनला प्रांगार. हायड्रोजन म्हणजे पाणी निपजवणारा, तेव्हा उदजन. लोक हसले. मला मात्र त्यात एक शिस्त दिसते. ‘प्रांगार’ ऐकून अंगार आठवतो, ‘कार्बन’ ऐकून मराठी मुलाला काहीच आठवत नाही. पण शिस्तीने शब्द जगत नाहीत हेही खरे. मराठी विश्वकोशाने हायड्रोजन आणि ऑक्सिजन हेच शब्द पत्करले. आणि ऑक्सिजन हा तरी कुठला अचूक? ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आम्ल निपजवणारा. लाव्हाझिएला वाटले होते की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. पुढे डेव्हीने दाखवून दिले की मिठाच्या आम्लात तो मुळीच नसतो. अर्थ चुकला तरी शब्द राहिला. २०२१ सालच्या साथीत मात्र गावोगावचे लोक ज्याच्यासाठी धावत होते, त्याला मराठी वर्तमानपत्रे जुन्या पुस्तकांतलेच नाव देत होती : प्राणवायू.

आता माझा आवडता शब्द. वाण नदीच्या काठाने ओढ्याओघळीत निरगुडी माजते. अंग ठणकले की तिचा पाला शेकायला घेतात. तिचे शास्त्रीय नाव व्हिटेक्स निगुंडो. गोव्यात गार्सिया द ऑर्टा नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत असे. इथल्या औषधांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात निरगुडीवर एक प्रकरण आहे आणि तिचे नाव त्याने ‘निगुंडो’ असे लिहिले आहे. चारच वर्षांत क्लुसिअसने त्या ग्रंथाचे लॅटिन रूप काढले आणि आपली निरगुडी युरोपच्या पंडितांत जाऊन बसली. पुढे तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना उत्तर अमेरिकेतून आलेला एक मेपल पाहून तिचीच आठवण झाली, कारण त्याची पानेही तशीच फुटलेली. लिनिअसने १७५३ साली त्यालाही तेच नाव दिले, एसर निगुंडो. तो मेपल आज अमेरिकेत आणि युरोपात रस्तोरस्ती उभा आहे. तिकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘निगुंडो’चे मूळ शोधायला लॅटिन कोश उघडला, तर त्याला ते सापडायचे नाही. ते वाण नदीच्या काठी, गुडघाभर पाण्यात आहे.