पेलिकनांचें बेट

वन्य प्राण्यांचें रक्षण हें सरकारचें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सरकारनें कायदा करावा, पहारेकरी नेमावे आणि लोकांनीं स्वस्थ बसावें, असा तिचा अर्थ. ही समजूत कितपत खरी आहे, हें अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांतल्या एका लहानशा बेटाच्या इतिहासावरून कळून येतें.

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याला लागून इंडियन रिव्हर नांवाची उथळ, मचूळ पाण्याची लांबच लांब खाडी आहे. तींत सेबॅस्टियन गांवासमोर सुमारें साडेपांच एकरांचें, तिवरांनीं वेढलेलें एक बेट होतें. चोंचीखालीं मोठी झोळी असलेले तपकिरी पेलिकन पक्षी तेथें हजारोंनीं घरटीं बांधीत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेंतील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांचीं पिसें खोवण्याची रीत पडली. बगळ्यांचे तुरे सोन्याच्या मोलानें विकूं लागले. हे तुरे विणीच्या काळांतच फुटतात. म्हणून शिकारी नेमके तेव्हांच बार काढीत आणि मागें राहिलेलीं पिलें उपाशी मरत. शतक संपतें न संपतें तोंच पूर्व फ्लोरिडांतील तपकिरी पेलिकनांना विणीसाठीं हें एकच बेट उरलें.

या अनर्थाविरुद्ध पहिली हांक सरकारनें दिली नाहीं. १८९६ सालीं बोस्टन शहरांत हॅरिएट हेमनवे व मिना हॉल या दोन कुलीन स्त्रियांनीं आपल्या मैत्रिणींना चहाला बोलावून पिसांच्या टोप्या वर्ज्य करण्याचा आग्रह धरला. त्यांतूनच मॅसॅच्युसेट्समधील ऑडुबॉन संस्था जन्मास आली, आणि इतर संस्थानांतूनही तशाच संस्था निघाल्या. जेथें मागणी होती, तेथेंच त्यांनीं घाव घातला.

इकडे सेबॅस्टियनला पॉल क्रोगेल नांवाचा एक जर्मन वंशाचा नावा बांधणारा गृहस्थ राहत असे. त्याच्या घरून बेट दिसे. शिकाऱ्यांची नाव येतांना दिसली, कीं तो बंदूक घेऊन आपली होडी हाकारी व पक्ष्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या मध्यें जाऊन उभा राही. हें काम त्याला कोणी सांगितलें नव्हतें. फ्रँक चॅपमन आदि पक्षिशास्त्रज्ञ त्याच्या पाठीशीं उभे राहिले, आणि १४ मार्च १९०३ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हें बेट पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. राष्ट्रीय अभयारण्यांची परंपरा येथूनच सुरू झाली. क्रोगेल पहिला रक्षक झाला. परंतु कायदेमंडळानें पैसा मंजूर केला नव्हता. म्हणून पक्षिशास्त्रज्ञांचा संघच त्याला दरमहा एक डॉलर देई!

हें काम धोक्याचें होतें. ८ जुलै १९०५ रोजीं फ्लोरिडाच्या दक्षिण टोंकाशीं गाय ब्रॅडली हा ऑडुबॉन संस्थांनीं पोसलेला रक्षक पिसांच्या शिकाऱ्याच्या गोळीस बळी पडला. आणि मारणाऱ्यावर आरोपपत्रसुद्धां ठेवलें गेलें नाहीं. १९१८ सालीं, महायुद्धाच्या टंचाईंत, पेलिकन आपले मासे खातात असा कोळ्यांनीं ओरडा केला, आणि बेटावरचीं चारशेंहून अधिक पिलें सोटे मारून ठार करण्यांत आलीं. पेलिकनांचें खाद्य म्हणजे बाजारांत किंमत नसलेले मासे, हें ऑडुबॉन संस्थेनें मागाहून दाखवून दिलें. कायदा असूनही लोकांचा गैरसमज केवढा घात करतो, तें यावरून दिसतें.

पुढें १९६० नंतर आसपासची पाणथळ जमीन व बेटें इमारतींसाठीं विकण्याचा घाट घातला गेला. तेव्हां स्थानिक बागाईतदार, शिकारीचे शौकीन आणि कोळीसुद्धां एकत्र आले. त्यांच्या आग्रहामुळें १९६३ सालीं ४२२ एकर तिवरांचीं बेटें अभयारण्यांत सामील झालीं, आणि १९६८ पर्यंत क्षेत्र ४,७६० एकरांवर गेलें. १९१८ सालीं कोळी बेटावर उठले होते; अर्धशतकाच्या आंत कोळीच त्याच्या बचावास धांवले.

बंदुकीपासून बेट वाचलें, तरी लाटांनीं त्याचा कांठ खाल्ला. साडेपांच एकरांचें तें बेट निम्म्याहून लहान झालें. तेव्हां कालवांचे शिंपले टाकून कांठ बळकट करण्यांत आला आणि गांवच्या स्वयंसेवकांनीं तेथें तिवरें व खारें गवत लावलें. २००३ सालीं शताब्दी झाली, तेव्हां तेथें एक लांकडी मार्ग उभारण्यांत आला. त्याच्या एकेका फळीवर देशांतील एकेका अभयारण्याचें नांव कोरलेलें आहे. आज त्यांची संख्या साडेपांचशेंहून अधिक आहे.

त्या मार्गावरून चालणाऱ्यास पहिल्या हुकुमाची तारीख वाचतां येते. परंतु त्या तारखेच्या आधीं दोन स्त्रियांनीं चहाचे पेले भरले होते, आणि एका नावा बांधणाऱ्यानें आपली होडी पाण्यांत लोटली होती.