नव्वद किलोमीटरचं स्मारक

व्हिक क्लॅपम दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेत इंजिन चालवायचा. पहिल्या महायुद्धात तो आठव्या साउथ आफ्रिकन इन्फंट्रीत शिपाई झाला आणि त्याच्या वाट्याला चालणं आलं. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे मुख्यतः आजच्या टांझानियात, जर्मन सेनापती लेटो-फोरबेकच्या फौजेचा पाठलाग करत त्याची पलटण सुमारे २,७०० किलोमीटर पायी फिरली. शत्रू क्वचित दिसायचा, हिवताप आणि हगवण रोज भेटायची. त्या मोहिमेत गोळीपेक्षा रोगानेच जास्त माणसं गेली. मी पायदळातच नोकरी केली. गोळीने गेलेल्या माणसाची हकीकत पलटणीत वर्षानुवर्षं सांगितली जाते. तापाने गेलेला माणूस कागदावर राहतो आणि तिथेच पिवळा पडतो, हे मला ठाऊक आहे.

घरी परतलेल्या क्लॅपमला आपल्या सोबत्यांसाठी दगडी स्मारक नको होतं. मागे राहिलेल्यांनी वर्षातून एकदा तरी अंगावर थोडं सोसावं, असं काहीतरी हवं होतं. माजी सैनिकांच्या ‘लीग ऑफ कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर’कडे १९१८ साली त्याने पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन अशा शर्यतीची परवानगी मागितली. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. लीगने नकार दिला: माणसांना हे झेपायचं नाही. क्लॅपमचं उत्तर साधं होतं. कचेरीतून, दुकानातून उचलून आणलेली माणसं जर आफ्रिकेच्या झाडोऱ्यातून इतकी चालली, तर सराव केलेल्या धावपटूंना एक दिवसाचा रस्ता का झेपू नये? १९१९ आणि १९२० साली पुन्हा नकार आला. १९२१ साली होकार मिळाला, सोबत खर्चासाठी एक पौंड. तोही परतीच्या बोलीवर.

२४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गच्या सिटी हॉलसमोरून ३४ जण सुटले. रस्ता बहुतेक कच्चा, मुदत बारा तासांची. १६ जण डर्बनला पोचले. बिल रोवनने ८ तास ५९ मिनिटांत ही पहिली ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’ जिंकली. दुसऱ्या महायुद्धातली १९४१ ते १९४५ ही वर्षं आणि कोविडची दोन वर्षं सोडली तर ती दरवर्षी होत आली आहे.

खरं तर मॅरेथॉन हे नाव तिला अपुरं आहे. बेचाळीस किलोमीटर झाले की निम्मी वाटही सरलेली नसते. एका वर्षी डोंगराकडून समुद्राकडे, ती ‘डाउन’. दुसऱ्या वर्षी उलट, ती ‘अप’. पॉली शॉर्ट्स, इंचांगा, बोथाज हिल, फील्ड्स हिल, काउइज हिल ही पाच चढणं दोन्ही वेळा वाटेत येतात. डाउन म्हणजे उतार, अशी समजूत करून घेणाऱ्याच्या मांड्या फील्ड्स हिलवर बोलू लागतात. सुरुवातीला कोंबडा आरवतो. १९४८ साली मॅक्स ट्रिंबॉर्न नावाच्या धावपटूने धीर धरवेना म्हणून तोंडाने बांग दिली, तिची ध्वनिफीत आजही वाजवतात. शेवट मात्र निर्दय असतो. बारा तास भरले की एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. समोर पाहिलं तर हात कचरेल, म्हणून पाठ.

आम्ही खडकवासल्याच्या संरक्षण अकादमीतले काही कोर्समेट, सगळे निवृत्त, तिथे एकत्र धावलो. आमच्या कोर्समधले कोणी कारगिलला गेले, कोणी काश्मीर खोऱ्यातल्या चकमकीत. अकादमीत दिवंगत माजी छात्रांच्या आठवणीसाठी ‘हट ऑफ रिमेंब्रन्स’ आहे. तिथे गेलं की सावधान उभं राहायचं, मान खाली घालायची, दोन मिनिटांत बाहेर. आम्हाला ते पुरेनासं झालं. अकादमीत रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, मिळाला की सगळे एकत्र भोगायचे. गेलेल्यांची आठवण तशीच काढावी, असं ठरलं. क्लॅपमचं म्हणणं आम्हाला समजावून घ्यावं लागलं नाही.

तरीही या शर्यतीचा इतिहास वाचताना एका प्रश्नापाशी मी थांबलो. कॉम्रेड म्हणजे सोबती. पण सोबती कोणाला म्हणायचं?

पूर्व आफ्रिकेच्या त्या मोहिमेत गोऱ्या शिपायापुढे-मागे ओझेकऱ्यांच्या रांगा चालायच्या. दारूगोळा, पीठ, तंबू सगळं काळ्या माणसांच्या डोक्यावर, कारण माशीच्या चाव्यातून होणाऱ्या रोगाने जनावरं मरत होती. ब्रिटिश बाजूच्या मृत ओझेकऱ्यांची संख्या सरकारी हिशेबातसुद्धा चाळीस हजारांवर जाते. त्याच युद्धात फ्रान्सला मजुरीसाठी निघालेले दक्षिण आफ्रिकेचे सहाशेहून अधिक काळे जवान फेब्रुवारी १९१७मध्ये ‘मेंडी’ जहाजाबरोबर बुडाले. मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. नोव्हेंबर १९१४मध्ये टांगा बंदरावर उतरलेली, बहुतांश हिंदी असलेली फौज आपल्या मुंबईहूनच निघाली होती. क्लॅपमची शर्यत मात्र गोऱ्या पुरुषांपुरती राहिली. ती ज्या शहरातून निघाली, त्याच पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर १८९३ साली गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं होतं. शर्यतीचे नियमही त्याच हवेत लिहिले गेले.

सुरुवातीचा मोठा विजेता आर्थर न्यूटन हाही या हवेतलाच. चाळिशीकडे झुकलेला हा शेतकरी सरकारवर चिडलेला होता. काळ्या लोकांसाठी जागा राखण्याच्या धोरणात आपली शेती बुडाली, अशी त्याची तक्रार. नाव झालं तर लोक ऐकतील, म्हणून तो धावायला लागला आणि १९२२ ते १९२७ या काळात पाच वेळा जिंकला. मेलेल्या सोबत्यांच्या रस्त्यावर जिवंत माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात, त्याला इलाज नसतो.

दार बंद होतं, पण रस्ता सार्वजनिक होता. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्डचा अर्ज बाई म्हणून नाकारला गेला. ती तशीच धावली आणि ११ तास ३५ मिनिटांत पोचली. पदक मिळालं नाही. बरोबरच्या धावपटूंनी आणि बघ्यांनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली नावाचा काळा धावपटू नोंदणीशिवाय साडेनऊ तासांत आला. निकालाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. स्त्रियांना आणि काळ्या धावपटूंना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७५ साली, पहिल्या शर्यतीनंतर ५४ वर्षांनी. १९८१ साली सरकारने ही शर्यत प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या सोहळ्यात गोवली, तेव्हा ब्रूस फोर्डायसने निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधली. त्याच्यावर टोमॅटो फेकले गेले; तो जिंकला. १९८९ साली सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता ठरला. आज साडेनऊ तासांच्या आसपास पोचणाऱ्याला जे पदक मिळतं, त्याला २०१९पासून रॉबर्ट म्त्शालीचं नाव आहे.

हे सगळं वाचून झालं आणि मग शर्यतीत घालायच्या बनियनच्या पाठीवर छापायची, गेलेल्यांच्या नावांची आमची यादी वादात सापडली. लढाईत गेलेल्यांबद्दल प्रश्न नव्हता. पण एक जण सरावाच्या वेळी अपघातात गेला होता. एकाला शेवटच्या टर्ममध्ये आजारपणामुळे अकादमी सोडावी लागली आणि तो पुढे घरीच वारला. गणवेश चढवण्याचं त्याच्या नशिबात नव्हतं. मग मी आणखी एक नाव सुचवलं. सियाचीनवर माझ्या चौकीला रॉकेल आणि रेशन वाहून आणणारा नुब्रा खोऱ्यातला एक पोर्टर क्रीव्हासमध्ये, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, पडून गेला होता. “सर, तो कोर्समेट कुठे होता?” असं एकाने विचारलं. आम्ही एकमेकांना कधी सर म्हणत नाही. तो रागावला होता.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. यादीला हद्द नसेल तर यादी राहत नाही, आणि आम्ही कोर्सच्या नावानेच निघालो होतो. पण ज्यांचं ओझं उचलणं मोजलं आणि मरणं मोजलं नाही, अशा माणसांना वगळल्यामुळेच त्या रस्त्यावर अर्धं शतक अर्धीच आठवण धावत राहिली, हे नुकतंच वाचून मला गप्प बसवेना. शेवटी चारही प्रकारची नावं छापली, वर्णानुक्रमे. हुद्दा कोणाच्याच पुढे लावला नाही. विरोध करणाऱ्याने आपलं मत बदललं नाही. बनियन मात्र त्याने तेच घातलं, आणि पॉली शॉर्ट्सवर मी चालायला लागलो तेव्हा मागून पहिली शिवी त्याचीच आली.